दाजी हिरो, मी खलनायक

आमच्या गावच्या यात्रेतल्या नाटकात मी अकरा वर्षं खलनायकाचं काम केलं. त्यामुळं लोक मला अजून विचारतात, हिरोचं काम अवघड की खलनायकाचं. मी विचारणाऱ्याचं तोंड बघून उत्तर देतो. ज्यानं चहा पाजलाय त्याला सांगतो, खलनायकाचं फार अवघड, रक्त आटतं. ज्यानं नुसतंच विचारलंय त्याला खरं सांगतो. खलनायकाचं काम म्हणजे निव्वळ चैन. वाक्य विसरलं की मोठ्यानं हसायचं, लोकांना वाटतं हा काहीतरी शिजवतोय. हसता हसता पुढचं आठवतं. नाहीच आठवलं तर मिशीला पीळ द्यायचा आणि निघून जायचं. हिरोला ही सोय नाही. त्याचं नाक खाजलं तरी त्याला प्रवेश संपेपर्यंत थांबावं लागतं.

खलनायकाला त्रास एकच, तो म्हणजे नात्यांचा. आमचं गाव जुन्नर तालुक्यात, डिंगोऱ्याच्या अलीकडं. रंगमंचावर उभं राहणारं प्रत्येक माणूस कुणाचं ना कुणाचं भावकीतलं. हिरोचा बाप व्हायचा तो माझा चुलत चुलता. हिरोची आई व्हायचा सोसायटीचा शिपाई, तो साडी नेसायचा, आणि नात्यानं माझा मामा. अशा वडीलधाऱ्या माणसांना चारचौघांत शिव्या द्यायच्या म्हणजे आधी परवानगी पाहिजे. म्हणून नाटकाच्या दिवशी सकाळी खलनायकानं घरोघर जाऊन, ज्यांना ज्यांना आज बोलायचंय त्यांच्या पाया पडायचं, असा आमच्यात रिवाज होता. चुलते म्हणायचे, मला थेरडा म्हण, पण माझ्या बैलाचं काही काढू नकोस. एवढं करूनही पहिल्या वर्षी ऐन रंगात माझ्या तोंडून गेलं, "अहो अण्णा, आज तुमचा मुडदा पाडल्याशिवाय मी जायचो नाही, राग मानू नका." लोक इतके हसले की चुलत्यांना मरायला पाच मिनिटं उशीर झाला.

पण जे सांगायचंय ते त्यानंतरचं आहे. दोन हजार सालानंतरच्या एका चैत्रातलं.

आमचा नेहमीचा हिरो भोसरीला कंपनीत लागला आणि त्याला रजा मिळेना. नाटक बसवायचे ते आमच्या शाळेचे मास्तर. लिहायचेही तेच, त्यामुळं दरवर्षी नाटकाचं नाव तेवढं बदलायचं. मास्तर हिरोच्या शोधात असताना माझी आई त्यांच्याकडं गेली आणि म्हणाली, आमच्या जावयाला घ्या.

जावई म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. माझे दाजी. राहणार घोडेगावच्या बाजूला. गोरे, उंच, केसांना लाट, आणि या तिन्ही गोष्टींची त्यांना पुरेपूर माहिती. हिरो म्हणून त्यांच्यात काही कमी नव्हतं. अडचण एवढीच की ते आमच्या घरावर चार वर्षं रुसलेले होते.

आणि त्याला कारण मी.

लग्नात नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा असतो. कानपिळी म्हणतात तिला. बहिणीला नीट सांभाळा एवढंच त्यातून सांगायचं, कानाला बोटं लावायची, टॉवेल-टोपी घ्यायची आणि बाजूला व्हायचं. वडील वारलेले, घरात पुरुषमाणूस मी एकटा, वय बावीस, आणि मागं दोस्तांची टोळी. ते म्हणाले, पीळ लेका जोरात. मी पिळला. नेमका भटजींचा माइक दाजींच्या तोंडापाशी होता. त्यांची "आई गं" कर्ण्यातून थेट ओढ्यापलीकडच्या वस्तीपर्यंत गेली. मांडवातली वऱ्हाडी, वाढपी, बँडवाले, सगळे हसले. दाजींनी ओठ घट्ट मिटले, आणि आमच्या घरापुरते ते चार वर्षं उघडले नाहीत.

त्यानंतर त्यांनी आमच्या घरी एक रात्र मुक्काम केला नाही. दिवाळीला आक्का भाऊबीजेच्या सकाळी यायची. दाजी तिला एसटी स्टँडवर सोडायचे, तिथंच मोटारसायकलवर बसून राहायचे, आणि ओवाळणं झालं की तिला घेऊन जायचे. आई डबा भरून स्टँडवर पाठवायची, तो न उघडता परत यायचा. माहेरपण म्हणून आक्काच्या वाट्याला वर्षातले तीन तास. आई दर दिवाळीला पदरानं डोळे पुसायची आणि मग माझ्याकडं बघायची. मी गोठ्यात जाऊन बसायचो.

तेव्हा आईचा हिशेब सरळ होता. जावयाचं गावासमोर हसू झालं होतं, तर गावासमोरच त्याला हिरो करायचं. मास्तर आणि माझे चुलते पानसुपारी घेऊन घोडेगावला गेले. दाजींनी दोन अटी घातल्या. जाहिरातीच्या कागदावर त्यांचं नाव सगळ्यांत मोठं पाहिजे, आणि खलनायकाचं बोट त्यांच्या अंगाला लागता कामा नये. दोन्ही मान्य झाल्या. तालमीसाठी ते पंधरा दिवस आक्काला घेऊन आमच्या घरी राहायला आले. लग्नानंतर आक्का पहिल्यांदाच माहेरच्या अंगणात रात्रीची भांडी घासत होती, आणि आई तिच्याशेजारी विनाकारण उभी होती. हे पंधरा दिवस नीट गेले तर दिवाळी सुटेल, असं आईनं मला बजावलं. नीट गेले नाहीत तर काय, ते तिनं सांगितलं नाही.

मग माझा दिनक्रम सुरू झाला. सकाळी दाजींच्या आंघोळीचं पाणी तापवायचं, दुपारी त्यांच्यासाठी नारायणगावहून मटण आणायचं, आणि संध्याकाळी देवळापुढं त्यांना दोरखंडानं खांबाला बांधायचं. बांधायचं म्हणजे काय, गाठ ते स्वतःच मारायचे. मनगटाला वळ उठतो म्हणायचे. दाजी तालमीपुरते हिरो नव्हते, सकाळच्या चहापासून हिरो होते. चहात साखर कमी पडली तर आकाशाकडं बघून सांगायचे. माझ्याशी मात्र बोलायचे ते फक्त नाटकातलं. "नराधमा, सोड मला" एवढंच काय ते आमचं संभाषण.

दुसऱ्या अंकात एक थप्पड होती. बांधलेल्या हिरोला खलनायक थप्पड मारतो, आणि हिरो मान वर करून म्हणतो, "मार. हात दुखेपर्यंत मार. मी तुला माफ केलं आहे." तालमीत मी वीतभर लांबून हवेत हात फिरवायचो आणि त्याच वेळी तबलजी थाप द्यायचा. दाजी मान झटकायचे. मास्तर कपाळाला हात लावायचे. म्हणायचे, ही थप्पड आहे की आरती. मी म्हणायचो, मास्तर, तुमी मारा, तुमचे ते जावई न्हाईत. आईनं तर मला देवाच्या पायरीवर हात ठेवायला लावून शपथ घ्यायला लावली होती.

नाटकाच्या आदल्या दिवशी मी कांद्याच्या बराकीत कांदे निवडत होतो. आक्का आली आणि माझ्यासमोर पाटी उपडी करून बसली. दोन-चार कांदे निवडले, बरे-वाईट एकाच ढिगात टाकले, आणि शांतपणे म्हणाली, "उद्या खरी मार."

मला वाटलं, चेष्टा करतेय. लहानपणापासून तिला ती खोड. पण ती हसत नव्हती. मग ती बोलत राहिली आणि मी ऐकत राहिलो. घरी भाजीत मीठ जास्त झालं तरी कान निघतो. मोटारसायकल पंक्चर झाली तरी तुझ्या भावानं कान पिळला. पाऊस लांबला त्याचं तेवढं अजून माझ्यावर आलं नाही, म्हणाली. माणूस वाईट नाही, हात उगारत नाही, पण एकच गोष्ट चार वर्षं रोज. ती संपवायची तर तिच्यापेक्षा मोठं काहीतरी व्हायला पाहिजे, आणि ते सगळ्या गावासमोर व्हायला पाहिजे.

मी म्हटलं, आक्का, आईची शपथ आहे. दिवाळी कायमची जाईल.

"दिवाळीचं मी बघते," ती म्हणाली. "तुला कान पिळताना कुणी शपथ घातली नव्हती तरी पिळलास. आता मी सांगते तर मार."

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि शेजारच्या खोलीत हिरो घोरत होते.

नाटक त्या वर्षी दुपारी चारला होतं. एरवी यात्रेचं नाटक रात्री व्हायचं, पण त्या चैत्रात उसातल्या बिबट्यानं दोन वस्त्यांवरची शेरडं उचलली होती आणि अंधारात उसाच्या कडेनं घरी जायला कुणी तयार नव्हतं. त्यात लोडशेडिंग. म्हणून भर उन्हात पडदा वर गेला. उन्हामुळं माझ्या मिशीचा डिंक पातळ झाला आणि एक टोक हनुवटीवर आलं. दाजींच्या गालांवरची लाली गळ्यापर्यंत उतरली. सगळं इतकं स्वच्छ दिसत होतं की मला बायकांच्या बाजूला बसलेली आई दिसत होती, तिच्या मांडीवरचा पानाचा डबा दिसत होता, आणि तिच्याशेजारी आक्का.

दुसरा अंक आला. दाजींनी स्वतःच्या हातानं गाठ मारून घेतली. मी शिव्या दिल्या, हसलो, मिशीला पीळ दिला, तेव्हा मिशी हातात आली. लोक हसले. मी ती खिशात घातली आणि पुढं बोललो. मग थप्पडीची जागा आली. मी हात वर केला. खरं सांगतो, तो हवेतच फिरवायचा असं मी ठरवलं होतं. आईच्या शपथेला मी घाबरत होतो. पण दाजींनी थप्पड लागायच्या आधीच मान झटकली, आणि मला ते एकदम असह्य झालं. एका पिळलेल्या कानावर माणूस चार वर्षं जगतो आणि माझी बहीण त्याचं ऐकत बसते, असं काहीतरी डोक्यात आलं. मी मारली.

आवाज चांगला झाला. तबलजी गडबडला आणि त्याची थाप नंतर पडली, त्यामुळं लोकांना दोन थपडा ऐकू आल्या.

आई उभी राहिली. "आरं, जावई हाये त्यो," म्हणत ती मंचाकडं निघाली. बायकांनी तिला दोन्ही बाजूंनी धरून खाली बसवलं. दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी ओठ मिटले, अगदी लग्नात मिटले होते तसेच. मग खाली मनगटाकडं बघितलं. गाठ त्यांचीच होती, एक हिसका दिला की सुटणार होती. त्यांच्या उजव्या हाताची बोटं हललेली मी बघितली. गेली दिवाळी, मी मनात म्हटलं. गेली आक्का.

पडद्याआडून मास्तरांनी वाक्य पुरवलं. "मार, हात दुखेपर्यंत मार." मास्तरांनी पुन्हा पुरवलं. समोर सगळं गाव, शेजारची दोन गावं, घोडेगावहून त्यांचं नाटक बघायला आलेले त्यांचे स्वतःचे पाहुणे. हिरोनं गाठ सोडून घरी जायचं, असं कुठल्या नाटकात असतं? दाजींनी मान वर केली.

"मार," ते म्हणाले, आणि आवाज खरोखर कापत होता. "हात दुखेपर्यंत मार. मी तुला माफ केलं आहे. आणि मी माफ केलं म्हणजे मागचंपुढचं सगळं माफ केलं. पुन्हा हा विषय माझ्या तोंडून कुणी ऐकणार नाही."

शेवटची दोन वाक्यं मी कधी ऐकलीच नव्हती. पडद्याआड मास्तर वहीची पानं उलटत होते. पण तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या, शिट्ट्या झाल्या, टोप्या उडाल्या, आणि मागून कुणीतरी वन्स मोअर ओरडलं. मग सगळेच ओरडले. दाजी दातांतल्या दातांत मला म्हणाले, "परत हात लावलास तर बघ." त्यांनी माझ्याशी चार वर्षांत बोललेलं ते पहिलं खरं वाक्य. मी हात मागं बांधून उभा राहिलो, आणि त्यांनी नुसतं भाषण पुन्हा म्हटलं. म्हणजे सगळं दोनदा माफ झालं.

संध्याकाळी घरी मात्र सुतक होतं. दाजी गालावर हात ठेवून बाजेवर बसलेले. आई तेलाची वाटी घेऊन दारात उभी, आत जायची हिंमत होईना. मी मिशीचा डिंक काढत बसलो होतो. दाजी आक्काला बॅग भरायला सांगणार, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. त्यांनी तोंड उघडलंही. तेवढ्यात पहिले पाहुणे आले.

"पावणं, काय माफ केलंत राव," त्यांनी दाजींचा हात धरून सांगितलं. दाजींना गालावरचा हात काढावा लागला. मग दुसरे आले. मग सरपंच आले. सरपंच म्हणाले, माझ्या भावाशी मी बांधावरून दहा वर्षं बोलत नाही, आज तुमचं ऐकून घरी गेलो आणि त्याला पान दिलं. पाचव्या पाहुण्याला दाजी स्वतःच म्हणाले, मनात ठेवून काय करायचं हो. मास्तर आले तेव्हा खोली भरली होती. ते मोठ्या मनाचे, सगळ्यांसमोर म्हणाले की ती शेवटची वाक्यं माझी नव्हती, ती दाजींची स्वतःची. दाजींनी क्षणभर मास्तरांकडं बघितलं. मग खाली मान घालून म्हणाले, "सुचलं ऐन वेळी." आक्का कोपऱ्यात चहा गाळत होती, तिनं वर बघितलं नाही.

कपडेपटाच्या घड्या घालायचं काम माझ्याकडं होतं. दाजींच्या कोटाच्या खिशात मला एक चिठ्ठी सापडली. मास्तरांनी हे वाढवलंय, पाठ करा, असं वर लिहिलेलं आणि खाली ती दोन वाक्यं. अक्षर आक्काचं. मी चिठ्ठी चुलीत टाकली. बहिणीसाठी मी आयुष्यात केलेली एवढीच शहाणपणाची गोष्ट.

बॅग भरली गेली ती ठरल्याप्रमाणं तिसऱ्या दिवशी, आणि स्टँडवर सगळा गाव निरोपाला आला. आईनं सगळ्यांदेखत विचारलं, दिवाळीला पाठवाल ना. दाजींनी आजूबाजूला बघितलं. चहावाला किटली हातात घेऊन थांबला होता. दाजी म्हणाले, मी स्वतः घेऊन येतो.

आले. वसुबारसेच्या दिवशी आले, आईच्या हातचं जेवले आणि राहिले. भाऊबीजेच्या सकाळी आम्ही दोघं ओसरीवर बसून उडदाचे पापड खात होतो आणि आमचा वाद चालला होता. मी म्हणत होतो की दाजी, त्या दिवशी खरं अवघड काम माझं होतं. आईची शपथ मोडून जावयाला मारायचं म्हणजे काय असतं, तुम्हाला कळायचं नाही. दाजी म्हणत होते, मारायला काय लागतं, हात उचलला की झालं. गाल सुजलेला असताना माफ करून दाखव, तेही दोनदा. आम्ही दोघंही रंगात आलो होतो. चार वर्षांचं बोलणं तुंबलेलं होतं.

आक्का ताम्हणात निरांजन लावत होती. तिनं सगळं ऐकलं. मग काडी विझवून म्हणाली, "कान वढला तू. दुखला ह्यांचा. चार वर्षं रोज त्याच्यावरनं बोलणी खाल्ली म्या, आन रोज तुमा दोघांलाबी माफ करून सैपाकाला लागले. तुमचं दोघांचंबी सोपंच व्हतं. टाळ्या तरी मिळाल्या."

दाजींच्या हातातला पापड हातातच राहिला. मोठ्यानं हसून वेळ काढायची सोय मला तिथं नव्हती. चार वर्षं मी आईच्या डोळ्यांना घाबरून गोठ्यात जाऊन बसत होतो. आक्काचं काय, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं, आणि त्या सकाळी मला त्याची फार लाज वाटली.

"चल, बस पाटावर," ती म्हणाली. मी बसलो. तिनं ओवाळलं, तोवर मी निरांजनाकडंच बघत होतो.